वाइन द्राक्ष लावण्यापूर्वी बोर्डोकडे एकदा पाहा

द्राक्ष बागायतदाराच्या तोंडी छाटणीपासून एका फ्रेंच शहराचे नाव असते. बोर्डो हे फ्रान्सच्या नैर्ऋत्येला गारोन नदीवरचे बंदर. तिथल्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, हेतू एवढाच की वाटसरूंनी घड तोडू नयेत. १८८२ मध्ये बोर्डोचे प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आले की बाकीच्या बागा केवड्याने झडल्या असताना याच वेली हिरव्या आहेत. त्यावर प्रयोग करून त्यांनी १८८५ मध्ये हे मिश्रण जगापुढे मांडले. चोरांसाठीचा उपाय बुरशीवर चालला, आणि आज निफाड-दिंडोरीत तो दर पावसाळ्यात टाकीत असतो.

खुंटावर कलम करण्याची रीतही त्याच काळातली. अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा किडीने फ्रान्सच्या बागा मुळांपासून खाल्ल्या, तेव्हा अमेरिकन खुंटावर युरोपीय वाण बांधून त्या वाचवल्या गेल्या. आपण डॉगरिज किंवा ११० आर वापरतो ते मुख्यतः क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी. कारण वेगळे, पण रीत तीच.

वाणही बहुतेक तिकडचेच. कॅबर्ने सोविन्यो, मेर्लो आणि सोविन्यो ब्लां हे बोर्डोचे. शिराझ आणि शेनिन ब्लां फ्रान्सच्या इतर भागांतले. बोर्डोत कॅबर्ने उशिरा पिकते आणि खडीच्या जमिनीत चालते, मेर्लो लवकर पिकते आणि चिकणमाती सोसते. दोन्ही लावले की पावसाने एकाचे नुकसान झाले तरी दुसरे हाताशी राहते. तिथली लाल वाइन दोन-तीन वाणांच्या मिश्रणाची असते, त्यामागे चवीइतकाच हा हिशेबही आहे.

आपल्याकडे मात्र हवामान उलटे. तिथे वेल हिवाळाभर झोपते, काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या थंडाव्यात होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. काढणी जानेवारी ते मार्च, म्हणजे उन्हे चढताना. साखर झपाट्याने वाढते आणि आम्लता तितक्याच झपाट्याने उतरते. म्हणून फक्त ब्रिक्स पाहून काढणी ठरवू नका, आम्लता आणि सामूही मोजून घ्या. पांढऱ्या वाइनसाठी साधारण २० ते २२ ब्रिक्स, लालसाठी २३-२४, तर फसफसणाऱ्या वाइनसाठी १८-१९ ला, आम्लता टिकून असतानाच घड उतरवतात. पालाश पानदेठ परीक्षणाशिवाय देऊ नका. जादा पालाशने रसाचा सामू चढतो.

खाण्याच्या द्राक्षात वीस वर्षे घालवलेल्या माणसाला सर्वांत जड जाते ते मणी लहान ठेवणे. लाल वाइनचा रंग सालीत असतो. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त. त्यामुळे जिब्रेलिकचे डोस नकोत, पाण्याची चैन नको. उत्पादनही एकरी ४ ते ५ टनांवर रोखावे लागते, शेजारच्या थॉमसनच्या बागेत याच्या दुप्पट माल दिसला तरी.

आणि बोर्डो मिश्रणाबाबत. १ टक्क्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगळ्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करावे. लोखंडी पाते बुडवून तांबूस थर आला तर चुना वाढवावा आणि मिश्रण त्याच दिवशी संपवावे. फळछाटणीनंतर पावसाळी वातावरणात ते उत्तम. पण काढणी जवळ आल्यावर तांबे थांबवा. रसात तांबे उतरले की सोविन्यो ब्लांचा वास जातो. भुरीसाठीचे गंधकही शेवटी नको, कारण किण्वनात त्यापासून कुजक्या अंड्याचा वास येतो. बोर्डोचे मिश्रण बोर्डोच्याच वाणाला नडते, ही गंमत वायनरी मात्र माल नाकारून सांगते.

आता पैशाचे. २००१ च्या राज्याच्या धोरणानंतर विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क आले, नाशिक जिल्ह्यात वायनरी उभ्या राहिल्या आणि वाइन द्राक्षाची लागवड धडाक्यात झाली. २००८ मध्ये जागतिक मंदी आली आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला. दक्षिण मुंबईपासून अंधेरी-जोगेश्वरीपर्यंत हॉटेलांतला खप पडला, टाक्यांत जुनी वाइन पडून राहिली आणि वायनरींनी माल उचलणे कमी केले. खाण्याचे द्राक्ष मार्केटला जाते, नाहीतर बेदाण्याला. बिया आणि बारीक मण्यांच्या कॅबर्नेला दुसरे गिऱ्हाईकच नसते. अनेकांनी बागा तोडल्या, काहींनी त्याच खुंटावर खाण्याचे वाण बांधले.

म्हणून आधी लेखी करार, मग कलम. करारात किती वर्षांची खरेदी, कोणत्या ब्रिक्स-आम्लतेला कोणता दर, तपासणी कोण आणि कोणासमोर करणार, वजन कुठल्या काट्यावर आणि पैसे किती दिवसांत, हे लिहून घ्या. काढणीची तारीख वायनरी ठरवते, त्यामुळे त्यांनी माल उशिरा उचलल्यास घटलेल्या वजनाचे काय, हे कलमही मागा. हे कलम बहुतेक मसुद्यांत नसते, आणि मार्चच्या उन्हात आठ दिवस घड वेलीवर राहिला की वजनात किती फरक पडतो हे तुम्हाला सांगायला नको. वाणाची निवड मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशींशी ताडून पाहा. पहिल्यांदा लावत असाल तर अर्धा-एक एकरच लावा.