भरली जाये, रिकामी ये

शकुंतला रेल्वेबद्दल आजोबांचा निकाल एका ओळीचा होता : "भरली जाये, रिकामी ये." यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही अरुंद रुळांची गाडी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने उभी केली, वऱ्हाडचा कापूस मुख्य लाइनीपर्यंत न्यायला. रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी हिची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली.

आजोबा दारव्ह्याच्या जिनात मापारी. रेच्यातून सरकी खाली पडे, रुई पुढे सरके. दिवसभर कापूस नाकातोंडात. प्रेसमधून निघालेली गाठ इतकी घट्ट, की बोट रुतत नसे. ती डब्यात चढली की गावाचा तिच्याशी संबंध संपला. सूत दुसरीकडे, कापड तिसरीकडे. "आपल्याकडं ढेप राहिली," ते म्हणत.

त्यांच्या आजाने सांगितलेली गोष्ट आणखी जुनी. अमेरिकेत यादवी पेटली (१८६१-६५), मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडात भाव असे चढले, की कुणीसं गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा चढवल्या. वाढवून सांगत असतील. भाव मात्र खरंच चढले होते. लढाई संपली, भाव कोसळले. रूळ तेवढे पुढे येत राहिले : १८६७ मध्ये जीआयपी रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावची शाखा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने सुरू केली. जीआयपीच्या लंडनमधल्या भागधारकांना ५ टक्के परताव्याची सरकारी हमी होती. कमी पडेल ती भर इथल्या महसुलातून. म्हणजे परक्या भांडवलाची जोखीमही आपणच उचलली.

परका पैसा वाईट, असं मला म्हणायचं नाही. तो दूरचा असतो आणि नफ्याच्या वाटेने जातो, एवढंच. १९९१ च्या उदारीकरणानंतर त्याची वाट बदलली. आता त्याला बंदर, विमानतळ, सुटे भाग पुरवणारे कारखाने आणि इंजिनिअर हवे होते. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला. थेट परकीय गुंतवणुकीत महाराष्ट्र देशात पहिला, असं बहुतेक वर्षी छापून येतं. त्या आकड्यात यवतमाळ शोधायला भिंग लागेल. आमच्या गावची पोरं मात्र चाकणला सापडतात, ठेकेदाराच्या हजेरीपटावर. पूर्वी गाठी जात, आता माणसं जातात.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. मागास भागातल्या उद्योगांना सवलती देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून आहे. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्यातला प्रादेशिक अनुशेष सुमारे ३,१८६ कोटींचा मोजला, त्यात विदर्भाचा वाटा सर्वांत मोठा. पण पाणी, वीज, रस्ता आणि शिकलेले हात यांची उणीव करमाफीने भरून निघत नाही.

यापुढे हजारो कोटींच्या करारांची बातमी वाचाल, तेव्हा आकड्याआधी जिल्ह्याचं नाव वाचा. आणि कच्चा माल तिथून नुसता उचलला जाणार की त्याचा पक्का माल तिथेच होणार, हे आमदाराला विचारा.