दोषापासून शिक्षणाकडे

इ. स. १९४३ साली बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी ११ बालकांचे वर्णन प्रसिद्ध करून स्वमग्नतेची ओळख जगास करून दिली. पुढे कित्येक वर्षे या अवस्थेचा दोष मातेच्या शुष्क वात्सल्यावर लादण्यात आला. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञ पित्याने इ. स. १९६४ साली ग्रंथ लिहून तो आरोप खोडून काढिला. इ. स. २०१० साली सॅली रॉजर्स व जेराल्डिन डॉसन यांच्या पद्धतीच्या परीक्षेचे फल प्रसिद्ध झाले. दीड ते अडीच वर्षांच्या ४८ बालकांपैकी ज्यांस दोन वर्षे खेळातून दृष्टीस दृष्टी मिळविणे, अनुकरण करणे व आळीपाळीने खेळणे शिकविले, त्यांची भाषा व बुद्धी इतरांहून अधिक वाढली. या कार्यात मातापित्यांसही शिक्षण देऊन सहभागी केले होते. जिला दोष दिला, तीच माता अखेर बाळाची शिक्षिका ठरली.