केंब्रिजहून निघालेला पडदा

1990च्या दशकात इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत माणसं अंगावर एक बिल्ला लावून वावरत. हा अ‍ॅक्टिव्ह बॅज अवरक्त किरणांतून संकेत सोडी आणि कोण कुठल्या खोलीत आहे, ते यंत्रणेला कळे. अँडी हॉपर यांच्या प्रयोगशाळेला त्यापुढचा ध्यास होता: माणूस जिथे जाईल, तिथल्या संगणकावर त्याच्या कामाचा पडदा उमटावा.

या ध्यासातूनच व्हीएनसी (व्हर्च्युअल नेटवर्क कॉम्प्युटिंग) ही आज्ञावली आकाराला आली. त्यामागची युक्ती विलक्षण साधी आहे. मूळ संगणक पडद्याचे फक्त बदललेले आयताकृती तुकडे पाठवतो. दुसरा ते रंगवतो आणि कळफलक-माऊसच्या हालचाली परत कळवतो. कामाची सगळी स्थिती मूळ यंत्रातच राहते. त्यामुळे एका टेबलावर अर्धवट सोडलेलं वाक्य दुसऱ्या गावी, अगदी वेगळ्या प्रकारच्या संगणकावर, त्याच अक्षरापासून पुढे लिहिता येई. त्या काळात ही केवढी मोकळीक होती!

1998मध्ये प्रयोगशाळेने ही आज्ञावली मुक्त स्रोत म्हणून सर्वांसाठी खुली केली. या इतिहासातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच. विंडोज, मॅक, युनिक्स या भिंती त्यामुळे ओलांडता आल्या.

पुढे प्रयोगशाळा एटी अँड टीकडे गेली आणि 2002मध्ये बंद पडली. मूळ चमूतल्या काहींनी त्याच वर्षी रिअलव्हीएनसी कंपनी काढली. 2013मध्ये तिला ब्रिटनमधला अभियांत्रिकीचा मानाचा मॅकरॉबर्ट पुरस्कार मिळाला. 2016पासून केंब्रिजमध्येच जन्मलेल्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकाच्या प्रणालीतही व्हीएनसी येऊ लागलं.