खटल्याआधीची माफी

८ सप्टेंबर १९७४, रविवार. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी रिचर्ड निक्सन यांना संपूर्ण माफी दिली. वॉटरगेट प्रकरणी निक्सन पायउतार होऊन महिनाच लोटला होता. त्यांच्यावर आरोपपत्रही दाखल नव्हते. फोर्ड यांच्या प्रसिद्धी सचिवांनी निषेधार्थ पद सोडले. पदाच्या बदल्यात माफीचा सौदा झाला, हा संशय इतका बळावला की ऑक्टोबरमध्ये फोर्ड स्वतः प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे साक्षीस गेले.

माफी स्वीकारणे म्हणजे दोष कबूल करणे, या अर्थाचा १९१५ च्या बर्डिक निकालातील उतारा फोर्ड पुढे पाकिटात बाळगत. आधार लंगडाच; निक्सन यांनी चुका मान्य केल्या, गुन्हा नव्हे. १९७६ ची निवडणूक फोर्ड थोडक्यात हरले. निक्सन यांच्यावर खटला कधीच उभा राहिला नाही.