घरपोच नागीण

इतिहासाच्या पुस्तकात राजे येतात, लढाया येतात, तह येतात. वाट पाहणारी माणसं येत नाहीत. पानिपतावर कोण कोण गेलं हे आपल्याला पाठ असतं, पण मागे उंबऱ्यावर किती जणी डोळे लावून बसल्या होत्या, याची नोंद बखरकारांनी ठेवलेली नाही. मी काही इतिहासाचा माणूस नव्हे. बी. कॉम. झालो आणि बँकेच्या काउंटरमागे बसलो, तो बसलोच. परंतु लोकांना वाट पाहायला लावण्याचा आमच्या धंद्याचा अनुभव दांडगा असल्यामुळे या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला पोचतो, असं मी नम्रपणे समजतो.

विषय असा की, पडद्यावरचा सिनेमा घरी येईपर्यंत त्याची वाट कोणी पाहिली?

परदेशात या वाट पाहण्याला मोठी प्रतिष्ठा आहे. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला भाग २००१ च्या डिसेंबरात थिएटरात लागला, तो १७८ मिनिटांचा. पुढच्या नोव्हेंबरात त्याचीच वाढीव डीव्हीडी निघाली, ती २०८ मिनिटांची. या वरच्या तीस मिनिटांसाठी तिकडची शिकलीसवरलेली माणसं दिवस मोजत बसली होती म्हणतात. आमच्या पणदऱ्यात हे कुणाला पटलं नसतं. कारण आमच्याकडे लाईट जायची, त्यामुळे सिनेमा वाढीव मिळण्याऐवजी नेहमी पाऊण तास कमीच मिळायचा.

पणदरे हे बारामती-नीरा रस्त्यावरचं, नीरा डाव्या कालव्यावर पोसलेलं ऊसवाल्यांचं गाव. कालव्याचं पाणी इंग्रजांच्या काळातच शिवारात आलं. सिनेमा मात्र बायकांच्या वाट्याला यायला पुढे बरीच वर्षं लागली. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'त तारामती झाले होते अण्णा साळुंके, आणि १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर रामही तेच आणि सीताही तेच! म्हणजे त्या वनवासात शिधा एकाच माणसाचा लागला असणार. आता, स्त्रियांनी पडद्यावर जायचं नाही, ही रीत फाळक्यांनीच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले या मायलेकींना घेऊन लवकरच मोडली. पण सुनांनी पडद्यासमोर जाऊन बसायचं नाही, ही रीत मोडायला फार वेळ लागला. जत्रेत तंबू लागायचा. मधे दोर, एका अंगाला पुरुष, एका अंगाला बायका. त्या बायका म्हणजे सासवा. सुना घरी भाकरी थापत बसायच्या आणि रात्री परतलेल्या सासूच्या तोंडून सिनेमा ऐकायच्या. सासूने सांगितलेल्या सिनेमात सुनेचं काम नेहमी खलनायिकेचं असायचं, हे सांगायला नकोच.

अशा वेळी जपानी मंडळी मदतीला धावली. १९७५ साली सोनीने बीटामॅक्स काढला, १९७६ साली जेव्हीसीने व्हीएचएस. त्या व्हीएचएसची एक कॅसेट निघाली बरोबर १८० मिनिटांची. बारा गाणी आणि शेवटची हाणामारी धरून हिंदी सिनेमा जेवढा भरतो, तेवढी! १९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने देशात रंगीत टीव्ही आला, आखातातून येणाऱ्यांच्या बॅगांतून व्हीसीआर आले, आणि पाच-सहा वर्षांत तालुक्याच्या गावाहून 'एक टीव्ही, एक व्हिडिओ, तीन कॅसेटी, एक रात्र' अशा भाड्याने ही सामग्री आमच्या अंगणात येऊ लागली. उसाचं बिल निघालं की व्हिडिओ यायचा, बिल लांबलं की व्हिडिओ लांबायचा. १९८४ साली सरकारने कायद्यात दुरुस्ती करून कॅसेटवर मालकाचं नाव-पत्ता छापणं सक्तीचं केलं होतं. आमच्याकडे येणाऱ्या कॅसेटवर बॉलपेनने फक्त सिनेमाचं नाव असे, आणि आत तोच सिनेमा निघाला तर लोक टाळ्या वाजवत.

पण अंगण घरचं होतं, ही गोष्ट लहान समजू नका. भाकऱ्या झाल्या की पदराला हात पुसत चुलीपासून दहा पावलांवर येऊन बसता येत होतं. कुणाची परवानगी लागत नव्हती. १९८६ च्या 'नगीना'तली श्रीदेवी आमच्या आत्याने अशीच पाहिली. इच्छाधारी नागीण माणसाच्या घरात सून होऊन येते आणि गारुड्याच्या पुंगीपुढे नाचून उभ्या घराला घाम फोडते, हे पाहून तमाम सासुरवाशिणींच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मी पुढे फक्त कर्ज माफ झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलं.

१९८९ साली त्याचा दुसरा भाग आला, 'निगाहें'. श्रीदेवी तीच, नायक सनी देओल, मण्याच्या मागे लागलेला मांत्रिक अनुपम खेर. आत्या दिलेली इंदापूर तालुक्यात. ती माहेरी यायची पंचमीला आणि भाऊबीजेला. त्यातली नागपंचमी म्हणजे चिरायचं नाही, खणायचं नाही, तवा ठेवायचा नाही. बायकांना मिळणारी जवळजवळ एकुलती एक रजा. नागिणीचा सिनेमा बघायला याहून चांगला मुहूर्त कोणता?

"काय रं दादा, क्याशेट कवा यायची?" आल्या आल्या तिचा पहिला प्रश्न.

"येनार, येनार. मानूस धाडलाय," दादा म्हणजे माझे वडील.

माणूस आला, कॅसेट आली नाही. ती आली भाऊबीजेला. अंगण भरलं, नागीण डोलू लागली, आणि ऐन रंगात लाईट गेली. पहाटेपर्यंत बायका अंधाऱ्या टीव्हीकडे बघत बसल्या. सकाळी एकीकडे भाड्याचा व्हिडिओ परत गेला आणि दुसरीकडे आत्याला न्यायला तिचे दीर आले.

अर्ध्या सिनेमाची शिदोरी घेऊन आत्या सासरी गेली आणि खुरपता खुरपता तिने तो बायकांना सांगितला. अर्धा कसा सांगणार? पुढचा तिने रचला. तिच्या शेवटात नागीण मणी कुणालाच देत नाही, स्वतःच्या नावावर ठेवते. हा वाढीव भाग तीस मिनिटांहून बराच मोठा होता आणि त्याला डीव्हीडीचा खर्च नव्हता. त्या शिवारात 'निगाहें' पुढची सतरा वर्षं तोच चालला.

मग २००७ च्या सुमारास मोसर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या. स्वस्ताईच्या त्या लाटेत आत्याच्या मुलाने कुठूनशी 'निगाहें'ची तबकडी पैदा केली. शेजारणी जमल्या, सिनेमा शेवटपर्यंत चालला, आणि एकमताने निकाल लागला : "पिच्चरवाल्यांनी शेवट चुकवला."

मला हा निकाल तेव्हा पक्षपाती वाटला. पुढे १० जुलै २०१५ रोजी 'बाहुबली' लागला आणि कटप्पाने बाहुबलीला का मारलं, हा प्रश्न देशाला टाकून संपला. उत्तर मिळालं २८ एप्रिल २०१७ ला. म्हणजे ६५८ दिवसांची मुदत ठेव! आमच्या बँकेत तर टोकन घेऊन बसलेले खातेदार आपला नंबर विसरून त्यावर वाद घालत. दरम्यान पहिला भाग टीव्हीवर लागला. आत्या मेथी निवडत बसली होती. मी तिला विचारलं, "का मारलं असेल गं?"

तिने मान वर केली नाही. "सासूनं सांगितलं आसंल. त्यो बापडा हुकमाचा ताबेदार."

दुसरा भाग ज्यांनी पाहिलाय, त्यांना मी काही सांगायला नको. शिवगामीदेवी सुनेची कोण लागते, आणि हुकूम कोणाचा होता, हे सगळ्या देशाला ६५८ दिवसांनी कळलं. आत्याची तोवर मेथीही निवडून झाली नव्हती.