इकडील सर्व क्षेम

आमची कन्या गेल्या वर्षी जूनमध्ये शिकायला बंगळूरला गेली. घरात मी, सौ. आणि अण्णा असे तिघे उरलो. बँकेच्या भाषेत सांगायचं तर शिल्लक घटली आणि खर्च वाढला. पहिला आठवडाभर सौ. रोज चार माणसांचा कुकर लावत होती आणि चौथ्या माणसाचा भात मी मुकाट्याने खात होतो. पोटाचा घेर वाढण्याचं हे कारण डॉक्टरांना पटत नाही.

मुलं घर सोडतात आणि मागे राहिलेली माणसं खुशालीची वाट बघत बसतात, हा इतिहास शाळेत शिकवत नाहीत. मुलगा स्वारीवर गेला, अमुक साली अमुक किल्ला घेतला, एवढं पुस्तकात असतं. त्याने घरी पत्र धाडलं की नाही, हे कुणी विचारीत नाही. नाही म्हणायला पेशव्यांच्या गोपिकाबाई आहेत. नातू सवाई माधवराव याने कसं वागावं, दिवस कसा घालवावा, हे त्यांनी त्याला सविस्तर लिहून कळवलं होतं. पण पेशव्यांना सांडणीस्वार होते. तुमच्या-आमच्या खापरपणजीने काय करावं?

तिची सोय झाली १ जुलै १८७९ रोजी. त्या दिवशी आपल्याकडे पाव आण्याचं पोस्टकार्ड निघालं. पाव आण्यात आईची काळजी हव्या त्या गावी जाऊ लागली. वाटेत ती पोस्टमन वाचायचा, शेजारीही वाचायचे, ही सोय वेगळी. पुढच्याच वर्षी, १८८० साली, टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि काळजीबरोबर पैसेही जाऊ लागले. कोकणात तर उलटा प्रवाह होता. मुलगा मुंबईला गिरणीत आणि चूल पेटायची गावाकडे!

खुद्द टपालखात्यातल्या माणसाचीही या ताटातुटीतून सुटका नव्हती. गोपाळराव जोशी टपालखात्यात नोकरीला. त्यांच्या पत्नी आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या, त्या न्यूयॉर्कला उतरल्या ४ जूनला. पत्रालाही बोटीनेच जायचं. आमच्या हिचा मेसेज कन्येने दहा मिनिटं वाचला नाही, तर ही मला कपडे घालायला सांगते.

आता आमच्या घराण्याच्या इतिहासाकडे वळतो. अण्णा १९६६ साली राजापुराहून पुण्याला शिकायला आले. आजोबा दरमहा मनीऑर्डर करीत. फॉर्मच्या खाली मजकुराला बोटभर जागा असे, तिच्यात आजोबा ‘इकडील सर्व क्षेम. जपून खर्चणे’ एवढंच लिहीत. खरी गंमत पुढे. पैसे मिळाल्याची पोच, घेणाऱ्याच्या सहीसकट, पाठवणाऱ्याकडे परत यायची. आजीला अक्षरओळख नव्हती. पण पोच आली की ती हात पुसून कागद घ्यायची, अंगणात उजेडाला जाऊन सही बघायची आणि देवापुढच्या डब्यात ठेवायची.

आम्ही बँकेत सह्या तपासतो त्या नमुना-सहीशी ताडून. आजीचा नमुना तिच्या डोक्यात होता. एकदा पोच आली, तिने ती दोनदा निरखली आणि आजोबांना म्हणाली, “पोराचं काहीतरी बिनसलंय. ही सही त्याची न्हवं, आजाऱ्याची हाय.” आजोबांनी तिला वेड्यात काढलं आणि संध्याकाळची एसटी पकडली. पुण्याला पोचले तर अण्णा आठ दिवस तापाने पडलेले, आणि घरी मात्र ‘मी मजेत आहे’ असं पोस्टकार्ड टाकलेलं. पोस्टकार्ड लिहिताना त्यांनी म्हणे जपून अक्षर काढलं होतं. सहीत मात्र सापडले.

माझ्या वाट्याला एसटीडी बूथ आला. पहिल्या नेमणुकीच्या गावी २००१ साली मी रात्री दर उतरले की रांगेत उभा राहायचो. डोळे पळत्या आकड्यांवर आणि तोंडाने, “हो, जेवलो. हो, स्वेटर आहे.” तीन मिनिटांत आई एकही प्रश्न सोडत नसे. आता मीटर नाही, तर कन्येला बोलायला वेळ नाही. तार तर १४ जुलै २०१३ नंतर बंदच झाली. तारेसाठी मात्र कुणी रडलं असेल असं वाटत नाही. ती दारात आली की आमच्याकडे वाचण्याआधीच रडायला सुरुवात व्हायची.

परवा तो डबा अण्णांनी माळ्यावरून काढवला. पोचा पिवळ्या पडल्यात, काहींना वाळवी लागलीय. तापातली सही अण्णांनी मला अचूक काढून दाखवली. मी वीस वर्षं सह्या पाहतोय, पण मला काही वेगळेपण दिसलं नाही. “तुला नाही कळायचं,” अण्णा म्हणाले. डबा त्यांनी माळ्यावर परत ठेवू दिला नाही.

त्याच रात्री कन्येला मेसचे पैसे पाठवले. फोनवर टिंग वाजलं, हिरवी खूण उमटली. सौ. पोळ्या लाटता लाटता डोकावली.

“मिळाले का? कशी आहे, काही कळलं?”

मी चष्मा वर करून नीट वाचलं.

“व्यवहार यशस्वी झाला आहे.”

“बघू,” म्हणून अण्णांनी फोन हातात घेतला आणि खिडकीपाशी उजेडात नेला.