वादी रम : घळीतल्या भिंतींवरची नावं

आज आपण जॉर्डनच्या दक्षिण टोकाला, वादी रमच्या वाळवंटात जाणार आहोत. 1962 सालचा 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' पाहिला असेल, तर हे तांबडे डोंगर तुमच्या ओळखीचे आहेत. पण आपला विषय लॉरेन्स नाही. त्याच्या दोन हजार वर्षं आधी इथे जनावरं राखणारी माणसं, हा आपला विषय.

इथल्या खझाली डोंगराला एक उभी चीर आहे. आत शिरायला गिर्यारोहण यावं लागत नाही. लहान मुलंही जाऊ शकतात. दोन्ही बाजूंना उंच भिंती, मधे गार सावली. भिंतींवर माणसं, हरणं, पावलांच्या जोड्या कोरलेल्या. आणि त्यांच्या शेजारी अक्षरं.

माणसं इथेच का आली? उत्तर दगडात आहे. वर वालुकाश्म, खाली ग्रॅनाइट. हिवाळ्यातलं थोडंफार पावसाचं पाणी वालुकाश्मात मुरतं, ग्रॅनाइटपाशी अडतं आणि दोन थरांच्या सांध्यावर झऱ्यांच्या रूपानं बाहेर येतं. झरे तिथे वस्ती. पेट्रा वसवणाऱ्या नबाती लोकांनी रम डोंगराच्या पायथ्याशी अल्लात देवीचं देऊळ बांधलं, तेही अशाच झऱ्याजवळ. हाच वालुकाश्म पाणी, वारा आणि मिठामुळे झिजतो, कमकुवत भाग गळून पडतो आणि कमानी उरतात. उम्म फ्रूथची कमान सुमारे 15 मीटर उंच आहे. बुरदा डोंगरावरची तर त्याहून कितीतरी मोठी.

आता अक्षरांकडे येऊ. अभ्यासकांनी या लेखांना 'थमूदी' म्हटलं. थमूद जमातीशी त्यांचा फारसा संबंध नाही, पण नाव चिकटलं. या भागातल्या लिपीला आता 'हिस्माइक' म्हणतात. ती डावीकडून, उजवीकडून, वरून खाली, कशीही लिहिलेली सापडते. दोन शब्दांत जागा नाही, स्वरही लिहीत नाहीत. मजकूर काय? राजाज्ञा नाहीत, करांचे हिशेब नाहीत. बहुतेक लेख 'अमक्याचा मुलगा तमका' एवढंच सांगतात.

इतिहासाच्या दृष्टीनं हे मोलाचं आहे. लेखन म्हणजे दरबार, देऊळ आणि व्यापार, असं आपण शिकतो. इथे मात्र जनावरांमागे फिरणारा माणूस लिहितोय. मायकेल मॅक्डोनाल्ड या अभ्यासकाच्या मते या भटक्यांना व्यवहारासाठी लेखनाची गरजच नव्हती. राखणीचे लांबलचक तास घालवायला ते कोरत असत.

वादी रममध्ये अशी सुमारे 25,000 चित्रं आणि 20,000 लेख आहेत. माणसाच्या 12,000 वर्षांच्या वावराच्या खुणा इथे आहेत. 2011 साली युनेस्कोनं या जागेला जागतिक वारसा ठरवलं.

मग एक प्रश्न येतो. त्यानं कोरलं तो वारसा, आणि आज पर्यटकानं नाव कोरलं तर गुन्हा, हा काय न्याय? फरक सरळ आहे. त्याच्याजवळ दुसरी वही नव्हती, आपल्याजवळ आहे. शिवाय सुट्टीत आलेला माणूस खरवडतो तेव्हा बहुतेक वेळा खालचं जुनं काहीतरी कायमचं जातं.

जॉर्डनच्या उत्तरेला, काळ्या दगडांच्या वाळवंटात, याच लिपीची बहीण असलेल्या सफाइतिक लिपीतले लेख आहेत. त्यांतल्या काहींत शाप कोरलाय: हा लेख पुसणारा आंधळा होवो. म्हणजे ही भीती त्या काळीही होती. आपलं नाव कुणीतरी वाचावं, एवढंच त्या गुराख्याचं मागणं होतं. घळीत गेलात तर हात खिशात ठेवा, आणि वाचा.